शेवटच्या घराचा आकडा

पोरी, सोमवारपासून तू बावीस वाड्यांची फायबर सांभाळणार. तुझ्या आईने काल रात्री फोन केला होता. "दादा, तिला झेपेल ना रे? रानातून हिंडायचं काम आहे." मी म्हटलं, रानाची काळजी करू नकोस, वाट दाखवायला गुराखी असतात. मला काळजी आहे ती वेगळीच. तुझ्या मोबाइलवर आता सगळं जाळं दिसतं, कुठे हिरवा ठिपका, कुठे लाल. ठिपका हिरवा म्हणजे घरात सगळं ठीक, असं मानायची सवय तुला लागू नये. मी १९८६ साली लाइनमन म्हणून लागलो आणि २०२० च्या जानेवारीत घरी बसलो. या चौतीस वर्षांत तांब्याची तार गेली, रेडिओ आले आणि गेले, काचेची तार आली. पण बिघाड शोधायची रीत फारशी बदललेली नाही, आणि तीच तुला द्यायची आहे.

पहिली गोष्ट. हातात नवा भाग आला की आधी त्याच्या सगळ्यात लांबच्या घरी जा. ओएलटी, म्हणजे केंद्रातून प्रकाश सोडणारं यंत्र, त्याच्या खोलीत आकडे नेहमीच चांगले असतात. तिथे मोजून काही कळत नाही. जाळं किती बरं आहे ते शेवटच्या घरात कळतं. आमच्या वेळी अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला जाऊन-येऊन किलोमीटरला १६८ ओहम रोध पडायचा. पाच किलोमीटरवरच्या वाडीत ८४० ओहम. केंद्रात ४८ व्होल्टची बॅटरी ताठ उभी असायची, पण त्या वाडीत रिसीव्हर उचलला की डायल टोन विहिरीतून यावा तसा यायचा. जवळच्या बाजारपेठेतले दोनशे फोन खणखणीत वाजत होते म्हणून त्या वाडीचं दुखणं आम्हाला दिसत नसे. पुढे २००५ साली त्याच तांब्यावर ब्रॉडबँड आलं, तेव्हाही तेच. केंद्राजवळच्या घरात वेग, आणि तीन किलोमीटरपलीकडे मॉडेमचा दिवा लुकलुकत राहायचा.

फायबरचा हिशेब तू पॉलिटेक्निकात शिकलीस, पण तो बोटांवर यायला हवा. ओएलटीतून प्रकाश निघतो साधारण अधिक ३ डीबीएमने. बारा किलोमीटर फायबरला किलोमीटरमागे ०.३५ धर, थोडं सैलच धर, म्हणजे ४.२. बत्तीस घरांत वाटणी करणारा स्प्लिटर एकटा १७ डीबी खातो. दहा जोड प्रत्येकी ०.१ ने १, चार कनेक्टर अर्ध्या-अर्ध्याने २. बेरीज २४.२. म्हणजे घरात उणे २१ च्या आसपास आकडा मिळाला पाहिजे. ओएनटी म्हणजे घरातली पेटी, तिची शेवटची पायरी उणे २७. त्याखाली तिला काही दिसत नाही. तीन डीबी गेले की प्रकाश अर्धा होतो आणि दहा गेले की दहावा हिस्सा उरतो, हे डोक्यात ठेव, म्हणजे उणे २१ आणि उणे २६ यांतलं अंतर पाच वाटणार नाही.

आता यातलं जे पुस्तकात नसतं ते. उणे २५ वर ओएनटी हिरवी होते आणि घरवाले खूश होतात. तू तिथून निघू नकोस. पावसाळा यायचा आहे. जेसीबी एकदा केबल तोडतो तेव्हा मध्ये तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटीमागे दोन जोड वाढतात. घाईत, पावसात, छत्रीखाली केलेले जोड ०.१ चे होत नाहीत. दोन वर्षांत त्या घराचे दोन डीबी असेच जातात आणि मग ऐन गणपतीत तिथला दिवा लाल होतो. म्हणून नव्या जोडणीला मी उणे २३ च्या खाली जाऊ देणार नाही. त्याहून खाली आकडा दिसला तर कुठेतरी काहीतरी चुकलंय, ते तेव्हाच शोधायचं. आणि आकडा, तारीख आणि स्वतःची सही डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहायची. पुढच्या वर्षी तिथे तू येशील किंवा दुसरं कोणी येईल. त्याला कळलं पाहिजे की ही तार जन्मली तेव्हा कशी होती.

त्या लिहिण्यावरून गोठ्याची गोष्ट सांगतो. तुझ्या आईला ती ठाऊक आहे.

व्हाळापलीकडे एक घर होतं, त्या वाडीतलं शेवटचं. मुलगा मुंबईला गिरणीत होता, घरी आईवडील. त्यांचा फोन रोज संध्याकाळी मरायचा आणि सकाळी आपोआप जिवंत व्हायचा. आम्ही दिवसा जायचो, टेस्ट फोन लावायचो, सगळं उत्तम. तक्रार तीन वेळा "लाइन ठीक" असा शेरा मारून बंद झाली. त्यातला एक शेरा माझ्या हातचा आहे. चौथ्या वेळी म्हातारा दहा किलोमीटर चालत केंद्रावर आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मुलगा रात्रीच फोन करतो हो. दिवसा तो खात्यात असतो." मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी दुपारी चारला निघालो आणि त्यांच्या ओटीवर बसून राहिलो. सात वाजता गुरं आली, म्हाताऱ्याने ती आत घेतली, गोठ्याचं दार ओढलं, आणि माझ्या कानाशी धरलेला डायल टोन गेला. ड्रॉप वायर गोठ्याच्या चौकटीवरून आली होती. दार लागलं की तिच्यावर दाब पडायचा, वरचं आवरण घासून गेलं होतं, दोन तारा एकमेकींना टेकायच्या. सकाळी दार उघडलं की सुटायच्या. वायर दोन हात वर उचलून बांधली. दहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी त्या घरातले सात महिने मुलाचा आवाज न ऐकता गेले.

तेव्हापासून मी तक्रारीची वेळ विचारतो. बिघाड काय आहे हे घरच्यांना सांगता येत नाही, पण तो कधी येतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. सकाळी खरखर आणि दुपारी साफ म्हणजे दव, म्हणजे कुठल्यातरी जोडात पाणी. वारा सुटला की जातं म्हणजे केबल खांबावर सैल आहे, हेलकाव्यात कुठेतरी मुडपते. रात्रीच जातं म्हणाले तर खिडकी बघ. गेल्या वर्षी मी आपल्याच शेजारी हे पाहिलं. फायबर खिडकीच्या फटीतून आत घेतली होती; दिवसा खिडकी उघडी, रात्री डासांसाठी बंद. बंद केली की काचेची तार काटकोनात वळायची आणि प्रकाश तिथूनच बाहेर सांडायचा. माझ्या डोळ्यांपुढे ते गोठ्याचं दार उभं राहिलं. खिडकीतून तार कधी घेऊ नकोस. भिंतीला बारीक भोक पाड, बाहेरून आत जरा वर चढतं पाड, आणि आत घेण्याआधी तारेला खाली एक झोल दे, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलावरून निथळून जमिनीवर पडेल, तारेच्या अंगाने घरात शिरणार नाही.

वाकण ओळखायची एक खूण लिहून ठेव. ओटीडीआर, म्हणजे तारेत प्रकाश सोडून दोषाचं अंतर सांगणारं यंत्र, त्यावर १३१० आणि १५५० अशा दोन्ही तरंगलांबींवर मोज. १३१० वर बरं आणि १५५० वर वाईट दिसलं तर तार कुठेतरी वाकली आहे. दोन्हींवर सारखंच वाईट असेल तर जोड किंवा कनेक्टर बघ. ही एक खूण तुझे कितीतरी डोंगर चढणं वाचवील. फक्त चालू लाइनवर हे करू नकोस. त्यासाठी वेगळ्या तरंगलांबीचं, फिल्टर असलेलं यंत्र लागतं. आणि ओटीडीआर ४.६ किलोमीटर म्हणाला म्हणून रस्त्यावर ४.६ मोजत जाऊ नकोस. तो काचेची लांबी सांगतो. जोडाजवळ गुंडाळून ठेवलेली वेटोळी, केबलच्या आत फायबरला दिलेला सैलपणा, सगळं त्यात येतं. तूट अलीकडे सापडते. कुठल्या जोडाशी किती मीटर गुंडाळी आहे हे ज्याच्या वहीत लिहिलेलं असतं तो सरळ तुटीवर जाऊन उभा राहतो.

निघण्याआधी मात्र दोन गोष्टी फोनवरच विचारायच्या. एकच घर पडलंय की सगळी वाडी? शेजारच्या घरी फोन कर, कंट्रोल रूमवर विसंबू नकोस. सगळी वाडी पडली असेल तर स्प्लिटरच्या वर बघायचं, एकच पडलं असेल तर खाली. दुसरं, ओएनटी मरताना काय बोलली? तिची वीज गेली की ती विझता विझता एक शेवटचा निरोप ओएलटीला पाठवते. तो निरोप नोंदीत असला तर फायबर शाबूत आहे, वीज नाही. तू दोन तास चालत जाऊन काही करू शकणार नाहीस. निरोप न देता गेली तर फायबर. क्वचित एक तिसरा प्रकार येतो, तेव्हा घाबरू नकोस. एखादी बिघडलेली ओएनटी आपली पाळी सोडून सतत प्रकाश फेकत बसते आणि त्या फांदीवरच्या सगळ्यांचं बोलणं बंद पाडते. तेव्हा एकेक घर काढून बघत जायचं. आम्हाला हे दुखणं रेडिओच्या काळात माहीत होतं. गावोगावचे सार्वजनिक फोन तेव्हा मार नावाच्या रेडिओवर चालायचे, पंधरा गावांना मिळून दोन वाटा. एका गावचा संच अडकून बसला की एक वाट गेलीच, आणि चौदा गावं उरलेल्या एका वाटेसाठी ताटकळत. दोष चौदा गावांत शोधून उपयोग नसायचा.

विजेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे आणि तो दूर करणं तुझं काम आहे.

तांब्याच्या तारेवर फोनला लागणारी वीज केंद्रातूनच यायची. ४८ व्होल्ट, आणि घंटीला ७५. जोडावर हात असताना घंटी आली की कोपरापर्यंत झिणझिणायचं. त्यामुळे गावात चार दिवस अंधार असला तरी फोन वाजायचा. लोकांनी हे पिढीभर अनुभवलंय. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. वाडीतली वीज गेली की ओएनटी गेली, आणि तिच्या मागे जोडलेला फोनही गेला. हे जोडणी देतानाच सांग. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत, आजारी माणूस आहे, तिथे बारा व्होल्टची छोटी बॅटरी ओएनटीला लावायला आग्रह कर. किंमत थोडी आहे, पण रात्री दोन वाजता डॉक्टरला फोन लागण्याचा प्रश्न आहे. आणि ओएनटीला फोनचं जे भोक असतं त्यात घरातला जुना, मोठ्या आकड्यांचा बटणांचा फोन लावून दे. आजीला मोबाइलच्या काचेवरून बोट फिरवणं जमत नाही, तिला रिसीव्हर उचलता येतो.

केंद्रातल्या बॅटऱ्यांचं तसंच. दोन व्होल्टचे चोवीस सेल, चार्ज राहताना सेलमागे २.२५, म्हणजे ५४ व्होल्ट. मीटरवर ५४ दिसले की पुढे जाणारे मी खूप पाहिले. चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीही ५४ दाखवते. महिन्यातून एकदा मेन बंद करून तिच्यावर भार टाक आणि अर्धा तास उभी राहून एकेक सेल मोज. जो सेल आधी खाली बसतो तो बाकीच्या तेवीस सेलांना घेऊन बुडणार. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनकडे येऊन थडकलं, तेव्हा मी निवृत्त होतो, तरी जुन्या सोबत्यांच्या हाताखाली दापोली-मंडणगडकडे गेलो. कित्येक दिवस वीज नव्हती. खांब आडवे, माडपोफळी आडव्या. पुरलेली केबल बहुतेक ठिकाणी शाबूत होती. यंत्रं मेली होती ती बॅटरी संपून. तेव्हापासून मी म्हणतो, मे महिन्यात आधी बॅटरी बघा, डिझेल भरा, मग बाकी सगळं.

विजेचंच आणखी एक. २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, अडीच लाख पंचायतींचं काम. त्यात मी अनेक गावांत पेटी बसवायला होतो. एका गावात रोज संध्याकाळी साडेपाचला लाइन पडायची. वेळ विचारायची सवय होती म्हणून लगेच कळलं: शिपाई जाताना मेन स्विच पाडून कुलूप लावायचा. त्याची चूक नव्हती. आग लागू नये म्हणून त्याला तसंच सांगितलेलं होतं. सरपंचांना भेटून पेटीला वेगळा एमसीबी घेतला, शिपायाला चहा पाजून समजावलं, आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं. आपल्या पेट्यांवर इंग्रजीत काय काय लिहिलेलं असतं, आणि ज्याच्या हातात स्विच आहे त्याला ते वाचता येत नाही.

आता हाताची शिस्त. काचेचा तुकडा तोडलास की तो डोळ्यांनी दिसत नाही, पण कातडीत घुसतो आणि तिथेच मोडतो. तुकड्यांसाठी झाकणाची बाटली कायम कमरेला. जिथे फायबर कापलीस तिथे बसून भाकरी खायची नाही. फायबरच्या टोकात डोळा घालून "येतोय का प्रकाश" असं कधी बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला इजा करतो. कनेक्टर प्रत्येक वेळी पुसून मगच लावायचा, नवा पिशवीतून काढलेला असला तरी. हिरवा कनेक्टर निळ्यात घालायचा नाही. हिरव्याचं टोक आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, दोघं एकमेकांना नीट भेटत नाहीत आणि तुझा आकडा बिघडतो. आमच्या आंब्याच्या बागांतली लाल माती इतकी बारीक असते की वाऱ्याने झाकणाच्या फटीतूनही आत जाते, म्हणून हे सांगतोय.

रंगांचं पाठांतर तुला मी लहानपणी करायला लावलं होतं, आठवतं? निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. ते तांब्याच्या पंचवीस जोड्यांचे रंग होते. फायबरचे पहिले दहा रंग हुबेहूब त्याच क्रमाने आहेत, पुढे फक्त गुलाबी आणि फिकट निळा आले. पहिली फायबर केबल सोलली तेव्हा ते रंग बघून मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

जोडाच्या क्लोजरची न वापरलेली तोंडं बंद कर. मुंगळे तिथे वारूळ करतात, पाल अंडी घालते. क्लोजर लटकवताना तोंड खाली. खारी वरच्या केबलचं आवरण कुरतडतात, घुशी पुरलेल्या केबलचं. जिथे एकदा कुरतडलं तिथे पुन्हा कुरतडणार, तिथे लोखंडी पाइप घाल.

मार्गाबद्दल सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही, कारण आपल्या कोकणात अंतराचा प्रश्न वेगळा आहे. देशावर गाव एका जागी असतं. तिथे एक खांब उभा केला की पन्नास घरं. इथे एका गावाच्या दहा वाड्या, मध्ये व्हाळ, मध्ये सडा, आणि वाडीत घरं परसांतून विखुरलेली. तार घरामागे तिप्पट लागते. त्यात जमीन सामाईक. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली सतरा मुंबईत. एक खांब उभा करायला कोणाची परवानगी घ्यायची? मी शिकलो ते असं की गणपतीत किंवा शिमग्याला सगळे घरी असतात, तेव्हा वाडीची बैठक बोलवून पाखाडीच्या कडेकडेने वाट ठरवून घ्यायची. खासगी परसातून वाट घेतली की भावकीच्या वादात तारेचा बळी जातो. कोणाच्या कलमावरून तार नेताना मालकाला विचार, आणि खिळा ठोकू नकोस.

कागदावर केबल १६५ सेंटिमीटर खोल पुरायची असते. जांभ्याच्या सड्यावर तेवढं खोदणं महाग पडतं, म्हणून कुठे अर्ध्यावर, कुठे हातभर. जिथे कमी खोल आहे तिथे पाइपावर सिमेंट घालायचं असतं. ते घातलंय का हे काम चालू असताना उभं राहून बघ, नंतर दिसत नाही. मार्च-एप्रिलात भाजावळ होते, वणवे लागतात. सड्यावर उघडा पडलेला प्लास्टिकचा पाइप अशा आगीत मेणासारखा वितळतो. होळीच्या आधी सगळा सडा एकदा चालून ये आणि उघडे पडलेले भाग मातीने झाक. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीवाल्याचा नंबर घे, त्याला तुझा दे, आणि पहिल्या दिवशी स्वतः जाऊन केबल कुठून गेलीय ते चुन्याने आखून दे. २०२३ पासून खोदण्याआधी कळवण्याचं सरकारी अ‍ॅप आहे, तेही वापर. पण जेसीबीच्या पात्यापुढे चुन्याची रेघ दिसली की हात थांबतो.

अर्थिंग जांभ्यात नीट होत नाही. दगड कोरडा, पाणी धरत नाही. कोळसा-मीठ घातलेला खड्डा उन्हाळ्यात पाणी घालून ओला ठेवावा लागतो. अर्थचा रोध पाच ओहमच्या आत आला पाहिजे, आणि तो मे महिन्यात मोजायचा. ऑगस्टमध्ये मोजलेला अर्थ सगळ्यांचाच चांगला येतो. वळवाच्या विजा मे अखेरीस कोसळतात, तेव्हा खड्डा कोरडा असतो.

काही घरांपर्यंत तार जाणारच नाही. तिथे सड्यावरून रेडिओ मारावा लागतो. पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओला समोरचं घर डोळ्यांना दिसलं म्हणजे झालं असं नाही. पाच किलोमीटरच्या उडीला मधोमध आठ मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो, त्याचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा हवा. मी एकदा एप्रिलात अशी लिंक जोडली. सुंदर आकडा आला. जुलैत ती मेली. मधल्या डोंगरावर ऐन, किंजळ, साग होते. एप्रिलात ती झाडं उघडी होती, पावसाने पानं फुटली, आणि ओलं पान रेडिओची लाट पिऊन टाकतं. झाड कोणतं आहे आणि त्याची पानं कधी झडतात हे गुराख्याला विचारून मग मास्टची उंची ठरव. आणि जिथे रेडिओही पोचत नाही तिथे उपग्रह. पृथ्वीभोवतीचा स्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. बोललेला शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. अशा फोनवर दोघं एकदम बोलतात आणि दोघांनाही वाटतं समोरचा ऐकत नाही. घरच्यांना शिकव: आपलं बोलून झालं की थांबा, श्वास घ्या, मग उत्तर येईल.

नेट हळू चालतं ही तक्रार आली तर आधी वायरने लॅपटॉप जोडून वेग मोज. चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय आत जाऊ देत नाहीत. पेटी ओटीच्या कोपऱ्यात, कपाटामागे ठेवलेली असते आणि पोरगी मागच्या पडवीत अभ्यासाला बसलेली. पेटी माजघरात आण. २०२० च्या टाळेबंदीत मुलं शाळेसाठी सड्यावर चढून रेंज शोधत होती, झोपड्या बांधून बसत होती. त्या मुलांच्या घरापर्यंत तार पोचली आणि पेटी कपाटामागे राहिली तर आपलं काम अर्धंच झालं.

जिवाचं सांगून थांबतो. विजेच्या खांबावर परमिट घेतल्याशिवाय हात ठेवू नकोस, कोणी कितीही घाई करो. वादळानंतर जमिनीवर पडलेली कुठलीही तार, आपलीच असली तरी, टेस्टर लावल्याशिवाय उचलू नकोस. १९९७ च्या जूनमध्ये मी एक ड्रॉप वायर उचलली. पलीकडे तीनशे मीटरवर विजेची तार तिच्यावर पडली होती, ते मला दिसलं नव्हतं. गडग्यावर जाऊन आदळलो. उजवा खांदा अजून पावसाळ्यात दुखतो. फायबरची काच वीज नेत नाही, पण तिला धरणारी पोलादी तार नेते. सोबतीला कोणी नसेल तर वादळानंतर एकटीने निघू नकोस. केंद्रावर सांगून जा, कुठल्या वाटेने जातेस तेही.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात माझ्या सात वह्या आहेत. नकाशे आहेत त्यांत, जोडांच्या जागा आहेत, कुठे पिंपळाचा पार, कुठे पडकं देऊळ, कुठल्या घरातल्या बाईने तहानलेल्याला पाणी दिलं तेही. तांब्याचे जोड आता कामाचे नाहीत, पण बहुतेक ठिकाणी फायबर त्याच वाटेने गेलीय. पाचव्या वहीत ते व्हाळापलीकडचं घर आहे. म्हातारा-म्हातारी गेली, मुलगा गिरणीतून सुटून गावी आला, आता त्याचे नातू तिथे असतात. त्यांची ओएनटी तुझ्या यादीत सगळ्यात शेवटची आहे, मी काल बघितलं. व्हाळाला पाणी चढायच्या आत तिथे जाऊन ये. पॉवर मीटर ने, कापूस आणि स्पिरिट ने. गोठा पाडून तिथे पोफळी लावल्यात असं ऐकलंय, तर तार आता कशावरून आणलीय ते बघ, आणि आकडा काय आला ते मला रात्री फोन करून सांग.